आईला ‘हात् रे’

माझ्या गाढवपणाचे किस्से मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्यांवर सोपवले तर ते लांबतात. या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात कुणीतरी म्हणालं, पायरीवर मीठ टाक, बर्फ वितळतो. मी स्वयंपाकघरातला मिठाचा डबा पायरीवर रिकामा केला, आणि त्या संध्याकाळची आमटी अळणी झाली. एकदा दवाखान्यात बाळाच्या आजीला आई समजून स्तनपानावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. ती बिचारी शेवटपर्यंत मान हलवत होती. असे पुष्कळ आहेत.

हा मात्र वेगळा. हा मी आधी माझ्या हुशारीचा किस्सा म्हणून सांगत होतो. चार घरांत सांगितला, चारही घरांत लोक पोट धरून हसले.

मी मुलांचा डॉक्टर. होतो, म्हणायला हवं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. पण मराठी मंडळात डॉक्टर निवृत्त होत नाही, फक्त फी घेणं बंद करतो. रविवारी एका शाळेचे वर्ग भाड्याने घेऊन आमची मराठी शाळा भरते. बायको तिथे बाराखडी शिकवते आणि मी कॅफेटेरियात चहाच्या थर्मासशेजारी बसून फुकट दवाखाना चालवतो. ‘काका, याला सर्दी झालीय’, ‘काका, ही भाजी खात नाही’. पेपर नॅपकिनवर मी आहार लिहून देतो. त्याचा मला गर्व होता. बायको म्हणायची, “अहो, घरी तुम्हाला मीठ-साखरेचे डबे ओळखता येत नाहीत आणि इथे आहारतज्ज्ञ!”

तिथेच तो तरुण माझ्याकडे आला. मंडळाचा लाडका निवेदक. माइक हातात आला की सभागृह खिशात. मला भेटला की वाकून नमस्कार. इथे जन्मलेली आमची मुलं ‘हाय’ म्हणून फ्रिजकडे वळतात, त्यामुळे असा वाकणारा कुणी भेटला की आम्ही म्हातारे विरघळतो. त्याची चार वर्षांची मुलगी काडीसारखी होती. शेजारी त्याची बायको उभी होती, लांब बाह्यांच्या कुडत्यात, नजर मुलीवर.

“काका, ही काही म्हणजे काही खात नाही हो. हिच्या डॉक्टरने सगळ्या टेस्ट केल्या. नॉर्मल आहेत. वजन मात्र वाढत नाही.”

“घरी गरम काय करता?” मी विचारलं. तिला विचारलं, पण उत्तर त्याने दिलं.

“कसलं गरम, काका. सीरियल नाहीतर ब्रेड. हिला सांगून थकलो.”

मी तिच्याकडे वळून लेक्चर दिलं. नाचणीची खीर, मऊ भातावर तुपाची धार, अंडं, रोज ताजं, घरचं. ती मान हलवत राहिली. मग मी दिवसाच्या प्रत्येक जेवणाचा तक्ता लिहिला, नॅपकिनवर मावेना म्हणून चांगल्या कागदावर, आणि तो दिला नवऱ्याच्या हातात. “लक्ष ठेव हं,” असंही वर म्हणालो.

आणि मग मला विनोद सुचला.

मूल पडलं की आपण काय करतो? जमिनीला चापट मारतो. ‘हात् रे! माझ्या बाळाला लागलं काय?’ मूल रडायचं थांबतं आणि जमिनीचं काही बिघडत नाही. परदेशात चाळीस वर्षं राहून कार्पेटलासुद्धा ‘हात् रे’ करणारी माणसं आहोत आपण. माझ्या दवाखान्यात मी त्यात एक सुधारणा केली होती: हट्टी मुलाला म्हणायचं, ‘नाही खाल्लंस तर आईला हात् रे!’ आणि आईच्या हातावर दोन बोटं टेकवायची. आई हसायची, मूल हसायचं, घास आत जायचा. हे माझं पेटंट.

त्या दिवशी आईच्या हातात शिऱ्याची बशी होती आणि मुलीचे ओठ घट्ट मिटलेले. मी म्हणालो, “काय गं, खात नाहीस? मग आईला हात् रे करूया?” आणि तिच्या दंडावर दोन बोटं टेकवली.

बाई इतकी दचकली की चमचा खाली पडला. मी म्हणालो, “वा! ॲक्टिंग छान करता तुम्ही!”

मुलीने तोंड उघडलं. एक घास, दुसरा, तिसरा. चावत नव्हती, नुसती गिळत होती, डोळे माझ्या बोटांवर. अख्खी बशी संपवली. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, “काका, मानलं तुम्हाला!” दहा मिनिटांनी तिने सगळं बाथरूममध्ये ओकून टाकलं, तेव्हा मी म्हणालो, “पहिल्यांदाच एवढं खाल्लं ना, होतं असं.”

चाळीस वर्षांचा अनुभव बोलत होता तो.

पुढचे तीन महिने नवऱ्याचे मेसेज येत राहिले. ‘काका, आज अर्धाच भात.’ ‘काका, आज अंडं टाकलं.’ सोबत मुलीच्या ताटाचे फोटो. केवढा जबाबदार बाप, असं मी घरी म्हणालो. आमच्या पिढीच्या बापांना मुलं कितवीत आहेत हेही सांगता येत नसे. वजन मात्र उलट घटलं. मी म्हणालो, लोह बघा, जंत बघा, गव्हाची ॲलर्जी बघा. तो सगळं बघायचा. शेवटी एके सकाळी कॉफी पिता पिता मी त्याला लिहिलं: ‘मुलीत काही दोष नाही. आईने जरा मनावर घ्यायला हवं.’

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

संक्रांतीचा कार्यक्रम होता. बाहेर गुडघाभर बर्फ, आत काळ्या साड्या आणि प्रत्येक घरातून आलेला एकेक पदार्थ. स्टेजवर तो, माइक घेऊन. खाली एका कोपऱ्यात मी. एक दोन वर्षांची गुटगुटीत बाळी आईच्या मांडीवर साबुदाण्याची खिचडी थुंकत होती. मला काय, संधीच. “नाही खात? मग आईला हात् रे!” म्हणून मी त्या आईच्या दंडावर बोटं टेकवली. ती आई खळखळून हसली.

तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून ती काडीसारखी मुलगी धावत आली. बाळीच्या ताटात हात घातला आणि मूठभर खिचडी तोंडात कोंबली. मग दुसरी मूठ. गाल फुगलेले, साबुदाणा हनुवटीवर, आणि घास तोंडात असतानाच ती ओरडली, “आय ॲम ईटिंग इट, काका! लुक! बेबीचं सगळं मी खाते! हर मॉमीला हात् रे नको!”

दोघं-चौघं हसलेसुद्धा. खरं सांगतो, मीही हसायला तोंड उघडलं होतं.

“हसताय काय?” बायको माझ्या कानाशी म्हणाली. मुलीसमोर ती गुडघ्यावर बसली, तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “बस्स, सोन्या. ते बाळ नंतर खाईल. कुणालाही हात् रे नाही करायचं आज.” मुलीने विचारलं, “प्रॉमिस? नॉट इव्हन ॲट होम?”

बायको उठली. मुलीला एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने तिच्या आईला धरलं आणि दोघींना कोट ठेवलेल्या वर्गात नेलं. मी मागोमाग गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

भिंतीपलीकडे त्याचा आवाज स्पीकरमधून येत होता. उखाण्यांची स्पर्धा चालली होती. “चला वहिनी, घाबरता काय, नवरा काय खातोय का तुम्हाला!” आणि हशा.

बायकोने मुलीला खडू दिले, फळ्यापाशी बसवलं आणि आईला हलक्या आवाजात एवढंच विचारलं, “घरी काय होतं गं, जेवताना?”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “काका, तुमचा तक्ता फ्रिजवर लावलाय. ते समोर बसतात. मी भरवायचं. ताटात घास उरला की मला एक. तिच्यासमोर. म्हणतात, डॉक्टरकाकांनीच सांगितलंय.”

माझ्या तोंडून निघालं, “अहो, पण मी तर गंमत...”

“माहितीये, काका. तुमच्यामुळे सुरू नाही झालं. आधीपण होतं. ती पोटात होती तेव्हापासून आहे. तुमच्यामुळे फक्त त्याचा नियम झाला.”

एवढं सरळ मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही.

मग ती सांगत गेली. किराणा त्याच्या फोनवरून येतो, तो ठरवेल तेवढाच. काय संपलं याचा तिने दुपारी फोटो पाठवायचा. एखादं केळं जास्त संपलं तर कुणी खाल्लं याची चौकशी. गाडीची किल्ली त्याच्याकडे. नोकरीची परवानगी तिच्या व्हिसावर नाही. सीरियल का, तर सहा महिन्यांपूर्वी गरम वरणाचं पातेलं त्याने सिंकमध्ये फेकलं होतं, वाफ मुलीच्या चेहऱ्यापर्यंत आली होती, तेव्हापासून तो घरात असताना ती गॅस पेटवायला घाबरते. मुलगी सहा महिन्यांची असताना आईचं दूध आटलं. “मीच जेवत नव्हते, काका. घास उतरायचाच नाही. आता तिचं तसं झालंय. दुपारी दोघीच असलो की खाते थोडं. संध्याकाळी गॅरेजचं दार वाजलं की तिचं पोट दुखायला लागतं.”

आणि मी जंत शोधत होतो!

मला माझा स्वतःचा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. चाळीस वर्षं मी आयांना विचारलं: शीचा रंग काय, किती वेळा, दूध गाईचं की डब्याचं, दात कधी आला. एकाही बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारलं नाही की बाई गं, तू जेवतेस का? जेवताना घरात कोण ओरडतं? नोकरीत असताना यासाठी दरवर्षी ट्रेनिंग व्हायचं. मुलाच्या घरात मारहाणीची शंका आली तरी कळवायचं, असा इथला नियम. मी दरवर्षी कॉम्प्युटरवर परीक्षा देऊन पैकीच्या पैकी मार्क मिळवायचो. पण त्या परीक्षेतला नवरा कधी मराठी बोलायचा नाही, वाकून नमस्कार करायचा नाही, आणि मला काका तर मुळीच म्हणायचा नाही. मग मी ओळखणार कसा?

त्या वर्गात उभं राहून मी पुढचा गाढवपणा केला. छाती पुढे काढून म्हणालो, “मी बोलतो त्याच्याशी. माझं ऐकेल तो.”

त्या बाईने दचकून दाराकडे पाहिलं. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही एकदा बोललात. आता गप्प बसा. बसायला जमत नसेल तर दारात उभे राहा आणि कुणी आत येत नाही ना बघा.”

मी दारात उभा राहिलो. त्या दिवशीचं माझं तेवढंच एक काम बरोबर झालं.

बायकोने तिच्याशी बोलून ठरवलं आणि अशा बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या बाईंशी तिचं बोलणं करून दिलं. त्यांनी कागद कुठले घ्यायचे, निघायचं कधी, हे सगळं नीट सांगितलं. मंगळवारी सकाळी तो शहराच्या ट्रेनने गेल्यावर मी गाडी घेऊन गेलो. ती एक बॅग, पासपोर्ट आणि मुलगी घेऊन बाहेर आली. मी उत्साहाने विचारलं, “नाश्ता झाला का?” मुलीने आईकडे पाहिलं आणि पोटावर हात ठेवला. मी पुढे तासभर तोंड उघडलं नाही. बायकोला ते खरं वाटत नाही.

यानंतर आमचं मंडळ जागं झालं. बाई मार खात होती तेव्हा गाढ झोपलं होतं, घर सोडलं तेव्हा खडबडून उठलं. मला फोन आले. “काका, घरातलं घरात मिटवायला हवं होतं.” “एवढा टॅलेंटेड मुलगा, करिअर बरबाद होईल, यार.” “बाईचंही काहीतरी असेल ना? टाळी एका हाताने वाजत नाही.” मी म्हणालो, “थोबाडीत एकाच हाताने वाजते.” समोरच्याने फोन ठेवला. माझ्या आयुष्यातला हा एकमेव विनोद ज्यावर कुणी हसलं नाही आणि मला वाईट वाटलं नाही.

एक ज्येष्ठ काकू बायकोला म्हणाल्या, “मुलगी खात नाही एवढ्यावरून संसार मोडायचा? मुलं नाहीच खात.” बायको म्हणाली, “मुलं नाही खात तेव्हा आयांना मारायचं असतं का, ते तुमच्या सुनेला विचारून सांगते.” त्या घरी आमचं जाणं-येणं बंद आहे.

मग खरी गोष्ट पुढे आली. त्याने कोर्टात मुलीचा ताबा मागितला. कारण काय, तर आई मुलीला उपाशी ठेवते! पुरावा म्हणून मुलीची घसरलेली वजनं, ताटांचे तीन महिन्यांचे फोटो, आणि सगळ्यांत वर माझा मेसेज, इंग्रजीत भाषांतर करून: चाळीस वर्षं अनुभव असलेल्या डॉक्टरांच्या मते मुलीत दोष नाही, आईने मनावर घेतलेलं नाही. ज्याने पोरीचा घास तिच्या घशात अडकवला, तोच आता वजनाचा काटा घेऊन उभा होता. आणि साक्षीदार कोण? मी. त्याच्या बाजूचा.

त्याचा फोन आला. आवाज तोच, लाघवी. “काका, तुम्हाला खोटं काहीच बोलायचं नाहीये. मेसेज तुमचाच आहे, एवढंच सांगायचं.”

“सांगतो ना,” मी म्हणालो.

मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने काळजीने सुचवलं, “काका, जास्त खोलात जाऊ नका. तुमचंच नाव खराब होईल. लोक म्हणतील, एवढे मोठे डॉक्टर आणि हे कळलं नाही?” अगदी बरोबर होतं त्याचं. लोकांनी तेच म्हणावं, अशी माझी इच्छा होती.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, मेसेज तुमचा आहे का? हो. अनुभव किती? चाळीस वर्षं. थँक यू. तो खाली बसला.

मग तिची वकील उठली. तिने विचारलं, “हे लिहिण्यापूर्वी तुम्ही आईशी किती वेळा बोललात?”

“तिला उद्देशून पुष्कळ बोललो. तिच्याशी एकदाही नाही. उत्तरं नवऱ्याने दिली आणि मी ती आईची म्हणून धरली.”

“आणि हे ‘हात् रे’ म्हणजे काय?”

दुभाषी बाईंनी प्रयत्न केला, पण त्या दुसऱ्या प्रांतातल्या, त्यांना येईना. मग मी स्वतःच सांगितलं. मूल पडतं, आपण जमिनीला मारतो. मी त्यात आईला आणून बसवलं. समोरच्या लाकडी कठड्यावर दोन बोटं टेकवून दाखवलं. मग चमचा कसा पडला ते, मुलगी कशी गिळत गेली ते, ओकली ते, मी ‘ॲक्टिंग छान’ म्हणालो ते, आणि संक्रांतीला तिने दुसऱ्याच्या आईसाठी मुठीने खिचडी कोंबली ते. मी जन्मभर माणसांना हसवत आलो. त्या खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे मी एकेक करून पाहिले. नवरा टेबलाकडे बघत होता.

“डॉक्टर म्हणून आज तुमचं निदान काय?” तिच्या वकिलाने विचारलं. त्याचा वकील हरकत घ्यायला उठला.

मी घाईघाईत म्हणालो, “मुलीच्या पोटात काहीच नव्हतं. जेवणाच्या टेबलावर होतं.” हरकत मान्य झाली, ते वाक्य ग्राह्य धरू नये असंही सांगण्यात आलं. पण न्यायाधीशबाईंनी तोपर्यंत ते ऐकलं होतं.

माझ्या साक्षीने केस जिंकली, असा किस्सा मी सांगणार नाही. तिच्या दंडांचे फोटो होते, मुलीच्या शाळेतल्या बाईंची साक्ष होती, संस्थेची माणसं होती. ताबा आईला मिळाला. त्याला मुलीला भेटता येतं, तिसऱ्या माणसाच्या देखरेखीत, आणि जेवणाच्या वेळी नाही. ही शेवटची अट न्यायाधीशांनी स्वतः घातली.

मंडळाने पुढच्या कार्यक्रमाला निवेदक म्हणून पुन्हा त्यालाच बोलावलं. ‘कला वेगळी, खाजगी आयुष्य वेगळं.’ मी आणि बायको गेलो नाही. माझा फुकट दवाखानाही आता बंद आहे. एका मोठ्या सभासदाने फार आग्रह केला तेव्हा मी अट घातली: मुलाच्या आईशी मी आधी एकटीशी बोलणार. तो म्हणाला, “काका, लोकांना ते ऑकवर्ड वाटेल.”

वाटू दे की!

गेल्या महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो होतो. दोन खोल्यांचं अपार्टमेंट. कामाची परवानगी आलीय, ती एका पाळणाघरात काम करते. दुपारची जेवणं चालली होती: पोळी, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी, दही. माझी जीभ सवयीने वळवळली. “काय म्हणतंय हिचं वजन? खाते का आता नीट?”

“काका,” ती म्हणाली, “ती किती खाते ते या घरात कुणी बघत नाही. तुम्हीही बघू नका.”

मी खिडकीकडे बघायला लागलो. तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलंच. मुलीने अर्धी पोळी खाल्ली, काचऱ्या वेचून खाल्ल्या, दह्यात बोट फिरवलं. मग उरलेली अर्धी पोळी ताटात तशीच टाकून उठली. उठल्यावर क्षणभर थांबली, आईकडे पाहिलं. आई बायकोशी बसच्या वेळांबद्दल बोलत होती, बोलत राहिली. मुलगी पळत आतल्या खोलीत गेली. काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि तिच्या हसण्याचा.

आईने बोलता बोलता ते ताट ओढून घेतलं, त्या अर्ध्या पोळीवर उरलेली भाजी घेतली, आणि जेवली.